लाइट बिल कमी करायचंय? आधी पाण्याकडं बघा

मागच्या वर्षी जुलैचं लाइट बिल आलं आणि मी दोनदा महिना तपासला. मे महिन्यात तीन पंखे, हॉलमधला कूलर सगळं चालवून २४६ युनिट पडले होते आणि जुलैत कूलर माळ्यावर, पंखे निम्मा वेळ बंद, तरी २८१. सासूबाई म्हणाल्या मीटर बिघडलं असेल, शेजारच्या काकू म्हणाल्या सगळ्यांचंच वाढलंय गं, आणि आमच्या ह्यांनी लगेच बल्ब बदलायचं काढलं, पण बल्ब आमचे चार वर्षांपूर्वीच एलईडी झालेत. मग मी आठवडाभर रोज सकाळी सात वाजता मीटरचं रीडिंग एका जुन्या वहीत लिहीत गेले, रोज एकेक वस्तू बंद ठेवून बघितली, आणि जे सापडलं ते हितं सविस्तर लिहितेय, कारण नंतर गल्लीत ज्यांना सांगितलं त्यांच्याकडं पण थोड्याफार फरकानं तेच निघालं. बिल लाइटीनं वाढत नव्हतं, पाण्यानं वाढत होतं. पाणी तापवायचं, पाणी गच्चीवर चढवायचं, आणि पावसाळ्यात कपड्यांतलं पाणी वाळवायचं. ह्या तीन कामांतच आमची निम्म्याच्या वर वीज जात होती.

आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीच्या बाजूला, खाली-वर मिळून चार खोल्या, माणसं पाच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची मोटर सोसायटीच्या मीटरवर असती, त्यांनी तेवढा भाग सोडून वाचा.

आधी बिल वाचा, मग मीटर वाचा

बिल आलं की आपण रक्कम बघतो आणि शेवटची तारीख बघतो. रकमेच्या आधी युनिट बघायची सवय लावा, कारण दर आपल्या हातात नसतंय, युनिट असतंय. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालली. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो, तेच एक युनिट ९ वॅटच्या बल्बला १११ तास पुरतंय. हा एवढा फरक डोक्यात बसला की कुठं लक्ष द्यायचं आणि कशासाठी पोरांच्या मागं ओरडत फिरायचं नाही हे आपोआप कळतंय.

महावितरणचे घरगुती टप्पे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढं असे आहेत. पहिल्या शंभराचा दर कमी, १०१ व्या युनिटपासून तो जवळजवळ दुप्पट, ३०० च्या पुढं अजून वर. खूप जणांना वाटतंय की १०१ युनिट झालं की सगळीच युनिटं महाग दरानं धरतात, तसं नाही, फक्त वरची जादा युनिटंच त्या दरानं लागतात. पण ह्यातच आपल्या फायद्याची गोष्ट आहे, तुम्ही जे युनिट वाचवता ते कायम वरच्या टप्प्यातलं, म्हणजे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतंय. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क पण वाचतंय. त्यामुळं एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून सरासरी काढून हिशोब करू नका, वरच्या टप्प्याचा दर कर धरून घ्या आणि त्यानं गुणा. मग ३० युनिट वाचवले तर नक्की किती वाचले ते खरं कळेल.

स्थिर आकार मात्र काही केलं तरी लागणारच. थ्री फेजला तो बराच जास्त असतोय, घरात थ्री फेजची गरज लागेल असं काहीच नसेल (पूर्वी वर चक्की होती, आता नाही, असं आमच्या एका नात्यातल्यांचं होतं) तर सिंगल फेज करून घेण्याची चौकशी करा. बिलावर चालू रीडिंग आणि मागचं रीडिंग छापलेलं असतंय, ते मीटरशी जुळतंय का बघा, सरासरीनं बिल लावलं असेल तर अ‍ॅपवरनं स्वतः रीडिंग पाठवता येतंय. आणि लवकर भरल्यावर १ टक्का सूट असती, ती तारीख बिलावरच असती, ती आम्ही कितीतरी वर्षं सोडून देत होतो.

आता मीटर. नवीन मीटरवर एक लाल बारका दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा लिहिलेला असतोय, म्हणजे तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. ह्यावर घरातली कुठलीही वस्तू मोजता येती, काही विकत आणावं लागत नाही. सगळं बंद करा, फक्त एकच वस्तू चालू ठेवा, आणि मोबाइलवर एक मिनिट लावून दिवा किती वेळा लुकलुकतोय ते मोजा. समजा ३२०० चं मीटर आहे आणि मिनिटात ८ वेळा लुकलुकला, तर ८ गुणिले ६० म्हणजे तासाला ४८०, भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.१५ युनिट, म्हणजे ती वस्तू १५० वॅट घेतेय. आमच्या धाकट्यानं हे शिकून घेतलं आणि एका रविवारी घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करून फ्रिजवर लावली.

ह्याच दिव्यावर अजून एक तपासणी. घरातली सगळी बटणं बंद करा, प्लग काढा, इन्व्हर्टरची मेन लाइन पण बंद, पण मेन स्विच चालूच ठेवा, आणि पाच-दहा मिनिटं दिव्याकडं बघत बसा. एकदाही लुकलुकायला नको. लुकलुकला तर एकतर काहीतरी चालू राहिलंय (बेल, वायफाय, पाण्याचा फिल्टर) नाहीतर कुठंतरी वायरिंगमधनं करंट मुरतोय. आपल्याकडं भिंती पावसात ओल धरतात, त्यात २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं होतं त्यांनी ही तपासणी केलीच पाहिजे, ओल्या भिंतीतली जुनी वायर बिल पण वाढवती आणि जिवाला पण धोका. एकेक एमसीबी (बोर्डावरचा लाइन तोडणारा खटका) पाडून कुठल्या लाइनवर दिवा थांबतोय ते बघायचं आणि वायरमनला तेवढीच लाइन दाखवायची. घरात करंट मुरल्यावर पडणारा आरसीसीबी नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या. मीटरचं सील मात्र कुणीही सांगितलं तरी उघडायचं नाही.

गिझर, बंब आणि सोलर

आता मुख्य विषय. १५ लिटरची एक बादली आंघोळीपुरती गरम करायला साधारण ०.३ युनिट लागतं. पाच माणसं, दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५. हे मला मान्य आहे, गरम पाण्यानं आंघोळ सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, जुलैतल्या आपल्या गारठ्यात तर नाहीच. पण आमच्या वहीत गिझरचे दिवसाला साडेचार युनिट निघाले, म्हणजे तीन युनिट रोजचे नुसते वाया. कुठं जात होते ते सांगते.

पहिलं, शॉवर. पोरं शॉवरखाली आठ-दहा मिनिटं उभी राहायची. साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी टाकतो, म्हणजे एका आंघोळीला ७० लिटर, म्हणजे जवळजवळ दीड युनिट. एका पोराच्या शॉवरमध्ये आमच्या पाचही जणांच्या बादल्या बसतात! आता गरम पाणी बादलीतच, शॉवर फक्त उन्हाळ्यात गार पाण्याचा. दुसरं, गिझर साडेपाचला चालू व्हायचा आणि शेवटची आंघोळ होईपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत चालूच. टाकी गरम ठेवण्यासाठी तो मधनंमधनं परत परत तापतो, जुना गिझर दिवसभर चालू राहिला तर पाणी न वापरता पण अर्धं-पाऊण युनिट खातोय. आता सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक, पाऊण-एक तासात उरकायच्या असं ठरवलंय, पहिले चार दिवस भांडणं झाली मग सवय झाली. तिसरं, गिझरचा थर्मोस्टॅट. तो कंपनीतनं बऱ्याचदा खूप वर लावून येतो, आपण उकळतं पाणी काढतो आणि त्यात तेवढंच गार पाणी मिसळतो. तापमान ५०-५५ वर आणून ठेवा, जुन्या गिझरला आतला स्क्रू असतोय, तो वायरमनकडनंच फिरवून घ्या, लाइन बंद करून.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षारांचा थर हीटिंग कॉइलवर बसतोय, मग पाणी तापायला उशीर लागतोय आणि कॉइल पण लवकर जळती. वर्षातनं एकदा उघडून साफ करून घ्यायची. आणि दुकानात सांगतात तसं इन्स्टंट गिझर ३००० वॅटचा म्हणून जास्त वीज घेतो आणि स्टोरेजवाला २००० चा म्हणून कमी घेतो, हे खरं नाही. एक बादली पाणी तापवायला उष्णता तेवढीच लागती, एक लवकर तापवतो एक सावकाश. फरक फक्त साठवून ठेवलेल्या पाण्याच्या गार होण्यात असतोय, त्यामुळं एकट्या-दुकट्या माणसाला इन्स्टंट बरा, पाच जण ओळीनं आंघोळ करणार असतील तर दोन्ही सारखेच. रॉड हीटर हिशोबानं चांगला, दहा-पंधरा मिनिटांत बादली तापती आणि काही वाया जात नाही, पण लहान मुलं आणि ओली फरशी असलेल्या घरात मी तो ठेवत नाही. गॅस गिझर लावायचा असेल तर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेतच लावा, बंद बाथरूममध्ये त्याचा विषारी वायू साठून माणसं गेलेली आहेत, ह्यात हयगय नको.

ज्यांच्या घरात अजून तांब्याचा बंब आहे त्यांनी तो मोडीत घालू नका. आमच्याकडं सासूबाईंचा बंब परड्यात पडून होता, त्याला कल्हई करून परत सुरू केला, नारळाच्या करवंट्या, सोडणं, फांद्या, शेणी जे असेल ते जळण. सगळ्यांच्या बादल्या त्यावर होतात आणि राखेत गरम राहिलेलं पाणी भांड्यांना पण वापरता येतंय. अट एकच, मागं उघडी जागा पाहिजे आणि धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जायला नको. प्लास्टिक पेटवायला वापरतात काही जण, ते अजिबात करू नका.

सोलर वॉटर हीटर कोल्हापुरात वर्षातले सात-आठ महिने फार चांगला चालतोय, ऑक्टोबर ते मे तर गिझरला हात लावावा लागत नाही. १०० लिटरचा तीन-चार माणसांना पुरतो. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्या, तांब्याच्या पाइपवाल्यात क्षार अडकतात. गच्चीवरनं खाली येणाऱ्या पाइपला फोमचं आवरण घालून घ्या, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत दोन तांबे गार पाणी वाहून जातंय आणि मागं राहिलेलं गरम पाणी पाइपातच गार होतंय. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या यायला लागल्या की समजायचं आता सोलरचं पाणी कोमट पण होणार नाही. त्या दिवसांत लोक काय करतात, सोलरच्या टाकीत जो बॅकअप हीटर असतोय तो चालू करतात. तो अख्खी १०० लिटरची टाकी तापवतो, २५ डिग्री तापवायची म्हटलं तरी जवळजवळ तीन युनिट, आणि वापरायच्या दोन बादल्या! पावसाळ्यापुरतं ते बटण टेप लावून बंद करा आणि खाली लहान गिझर किंवा बंब वापरा.

मोटर

गच्चीवरची टाकी भरायला आमच्याकडं पूर्वी पंचवीस-तीस मिनिटं लागायची, हळूहळू सव्वा तास लागायला लागला होता आणि आम्हाला कुणाला त्याचं काही वाटलं नाही, पाणी कमी दाबानं येतंय म्हणायचो आणि मोटर चालू ठेवून कामाला लागायचो. वहीत आकडा दिसला तेव्हा ओळखीच्या वायरमन मामांना बोलावलं. मामांनी पाइपला कान लावला आणि म्हणाले, "ताई, मोटर पाणी कमी आणि वारं जास्त ओढायलीय बघा." खालच्या टाकीतल्या पाइपच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतोय तो झिजला होता आणि एका जोडातनं हवा शिरत होती. फूटव्हॉल्व्ह आणि जोड बदलून टाकी परत पंचवीस मिनिटांत भरायला लागली. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर पण चालू असताना पाचशे-साडेपाचशे वॅट घेती, म्हणजे रोजचे पन्नास मिनिटं जादा म्हणजे महिन्याला बारा-चौदा युनिट, आणि मोटर तापून जळायची भीती वेगळीच.

म्हणून टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते आजच घड्याळ लावून बघा आणि भिंतीवर पेन्सिलीनं तारखेसह लिहून ठेवा. दोन महिन्यांनी परत बघा. वेळ वाढला की काहीतरी बिघडलंय. टाकी भरून गच्चीवरनं पाणी वाहायला लागल्यावर मोटर बंद करायची पद्धत असेल तर टाकी भरली की आपोआप बंद होणारा स्विच बसवा, उद्यमनगरात-लक्ष्मीपुरीत कुठंही मिळतो. मोटर जळली तर रिवाइंडिंग खात्रीच्या माणसाकडनंच करा, तारेचा गेज आणि वेढे कमी-जास्त झाले तर ती मोटर चालती पण वीज जास्त खाती, दोन-तीनदा रिवाइंड झालेली जुनी मोटर बदललेलीच बरी. आणि नळाच्या लाइनला थेट मोटर लावू नका, शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातंय.

टाकी दिवसातनं दोनदा भरावी लागत असेल तर गळती शोधा. सगळ्यात जास्त गळती फ्लशच्या टाकीत असती आणि ती दिसत नाही, आवाज पण येत नाही. कपड्याची नीळ थोडी फ्लशच्या टाकीत टाका, अर्धा तास कुणी फ्लश करायचं नाही, भांड्यात निळं पाणी दिसलं तर आतलं वॉशर गेलंय. त्या गळणाऱ्या पाण्याची पाणीपट्टी पण आपणच भरतो आणि ते वर चढवायची वीज पण.

पावसाळ्यातले ओले कपडे

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं कपडे वाळत नाहीत, दोन-दोन दिवस दोरीवर राहून वास मारायला लागतात, मग सकाळी पोरांचे युनिफॉर्म, ह्यांचा शर्ट दमट असतानाच इस्त्री फिरवून वाळवायचा. इस्त्री १००० वॅटची. कोरड्या कपड्यावर ती तापून मधनंमधनं बंद होती, दमट कपड्यावर ती बंद होतच नाही, सगळी उष्णता वाफ करण्यातच जाती. आमची रोज पाऊण तास इस्त्री चालायची, महिन्याला बावीसेक युनिट.

आता मशीनला कपडे दोनदा स्पिन करते, स्पिनला वीज फार थोडी लागती आणि पाणी कपड्यांतनं फिरवून काढणं हे तापवून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मग वरच्या खोलीत दोरी बांधून कपडे सुटे सुटे, एकावर एक न टाकता, खिडकी थोडी उघडी ठेवून रात्री पंख्याखाली. पंखा सगळी रात्र चालला तरी अर्धं-पाऊण युनिट, आणि त्यात सगळ्या घराचे कपडे वाळतात. खिडकी उघडी ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर तीच ओल खोलीत फिरत राहती आणि भिंतीला बुरशी धरती. इस्त्री आठवड्यातनं एकदा रविवारी, सगळे कपडे एकदम. मशीनमध्ये गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर तो फक्त आजारपणातल्या चादरींना, रोजच्या कपड्यांना गार पाणी पुरतंय.

बाकीचं

पंखे. जुना पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज चौदा तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला १८-२० युनिट वाचतात, म्हणून सगळ्यात जास्त चालणारा एकच पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू दे. २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या. जुना मोठा डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करून वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटरमध्येच तापून जाती, तो बदलून इलेक्ट्रॉनिक लावायचा.

फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागं वीतभर जागा ठेवा. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय, नुसतं रबर बदलून मिळतंय. रविवारचा रस्सा उरला की पातेलं गरम गरमच आत ढकलायची सवय आमच्याकडं पण होती, आता परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवते, अर्ध्या तासात निवतंय. एक दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर बोटभर व्हायच्या आधी काढा. पावसाळ्यात आणि थंडीत डायल एक आकडा खाली.

टीव्हीचा सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालूच असतोय, १० वॅट धरले तरी महिन्याला ७ युनिट. प्लगचंच बटण बंद करायचं. मोबाइलच्या चार्जरवरनं भांडू नका, त्यात काही नसतंय.

एसीबद्दल थोडंच लिहिते कारण कोल्हापुरात एप्रिल-मे सोडला तर एसीची खरी गरज पडत नाही, संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटतंय, सहानंतर खिडक्या उघडल्या की घर निवतंय. लावलाच तर २४-२६ वर आणि सोबत पंखा, आणि जाळी महिन्याला धुवायची. त्याच्या आधी स्लॅबकडं बघा. वरच्या खोलीत रात्री अकराला पण भिंतीतनं वाफ येती ती दिवसभर तापलेल्या स्लॅबची. मार्चमध्ये गच्ची धुऊन पांढरा चुना फेविकॉल घालून दोन हात मारला तरी खूप फरक पडतोय, पाऊस सुरू झाला की तो धुऊन जातो, दर वर्षी मारावा लागतो, टिकणारा पाहिजे तर उष्णता परतवणारा पांढरा रंग मिळतोय. पश्चिमेच्या खिडकीला आतनं पडदा लावण्यापेक्षा बाहेरनं शेडनेट बांधा, ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. जुन्या पेठांतल्या कौलारू घरांत ही अडचणच नाही, तिथली माणसं दुपारी सोप्यात निवांत झोपतात.

स्मार्ट टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटांना सवलत असती, मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री त्या वेळेत उरका.

गॅस

सिलिंडर महिनाभर जातो की दीड महिना, हे बऱ्याचदा पातेल्यावर झाकण आहे का नाही ह्यावर असतंय. आख्खा मसूर, चवळी, मटकी रात्री भिजत घाला, कुकरला निम्मा वेळ लागतो. मटण भाजून-परतून घेतलं की शिजवायला कुकरमध्ये, मग रश्श्यासाठी पातेल्यात. पहिली शिट्टी व्हायला आली की गॅस बारीक करायचा, शिट्टीतनं जी वाफ जाती ती आपणच पैसे देऊन केलेली असती, अन्न शिजतंय ते आतल्या दाबानं, आवाजानं नाही. डाळ, भात, बटाटे एकाच कुकरात डब्यांत. फ्रिजमधलं दूध तासभर आधी बाहेर काढा, आणि दूध दिवसातनं चार वेळा तापवायची गरज नाही. ज्वाळ पिवळी दिसली किंवा पातेल्याच्या बुडाला काजळी धरली की बर्नर काढून घासून भोकं मोकळी करा, निळी ज्वाळ पाहिजे.

इंडक्शन स्वस्त का गॅस, हा प्रश्न सगळे विचारतात, तर स्वतःच हिशोब करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असती, शेगडीवर त्यातली साठेक टक्के भांड्याला लागती, म्हणजे ११० धरा. सिलिंडरच्या किमतीला ११० नं भागा. आणि तुमच्या वरच्या टप्प्याच्या वीजदराला, कर धरून, ०.८५ नं भागा. जो आकडा लहान ते स्वस्त. आजच्या दरानं १०० युनिटांच्या आत असलेल्या घराला दोन्ही जवळपास सारखं पडतंय, १०० च्या पुढं गेलेल्यांना गॅसच बरा. गच्चीवर सोलर असेल तर मात्र गणित उलटतंय, दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर करा.

गच्चीवरचं सोलर

हे मी मुद्दाम शेवटी घेतलंय. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅट किंवा जास्तला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळं सगळेच तीन किलोवॅटच्या मागं लागतात. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला १२० च्या आसपास देतंय आणि त्याला १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागती. आम्ही २८१ युनिट असताना लावलं असतं तर तीन किलोवॅट घेतलं असतं. गिझर, मोटर, इस्त्री सुधारल्यावर ह्या वर्षी जुलैत १६३ युनिट आले आणि दीड-दोन किलोवॅटमध्ये आमचं भागतंय. म्हणून आधी वापर कमी करा, वर्षभराचे आकडे बघा, मग माप ठरवा, विकणारा माणूस उलट क्रमानं सांगणार.

पावसाळ्यात उत्पादन बरंच पडतंय, पण नेट मीटरिंगमध्ये एप्रिल-मेचं जादा युनिट खात्यावर राहतंय आणि जुलै-ऑगस्टला वापरायला मिळतंय, आपल्या हवामानाला हे सोयीचं आहे. नारळाच्या झावळीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी पूर्ण ओळीचं उत्पादन घसरतंय, तेव्हा डिसेंबरमधल्या दुपारी, ऊन तिरकं असताना, गच्चीवर उभं राहून सावली कुठं पडती ते बघून मगच जागा ठरवा. आणि पंचगंगेच्या पुराचं पाणी तुमच्या भागात येत असेल तर २०२१ ला भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं होतं ती रेघ बघा, सोलरचा इन्व्हर्टर त्याच्या वर दोन-तीन फूट, जमलं तर वरच्या मजल्यावर बसवून घ्या, नंतर हलवायला वायरिंगचा खर्च परत लागतोय.